इमानवालो

मुंबई-गोवा महामार्गावर नांदगावच्या तिठ्यावर कुणी गृहस्थ दुधाच्या टँकरच्या स्टीलच्या पोटाचे फोटो काढताना दिसला, तर त्याला आरटीओचा माणूस समजू नये. तो इमानवालो. घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटरमधल्या डाकोटा विमानाला तो बिनरंगाचा पत्रा चढवतोय, आणि टँकरवर आभाळ कसं पसरतं हा सध्या त्याच्या अभ्यासाचा विषय आहे.

गावाला हा उद्योग उमगत नाही. धातू म्हटला की तो घासून लखलखीत करायचा, एवढंच गावाला ठाऊक. इमानवाल्याचा सगळा घाम मात्र चकाकी मारण्यात जातो. "नवशिके इमानाचो आरसो करतत," हे तो ज्या तुच्छतेनं म्हणतो, ती तुच्छता मालवणी माणूस एरवी फ्रीजमधल्या माशांसाठी राखून ठेवतो. खऱ्या ॲल्युमिनियमवर प्रतिबिंब उमटतं ते पुसट: वर निळसर, पोटाखाली मातकट. एका पत्र्याची छटा शेजारच्याला नाही. म्हणून कॉम्प्युटरवर 'मेटॅलिक'चा आकडा सगळीकडे सारखा ठेवला तरी 'रफनेस'चा, म्हणजे खरखरीतपणाचा, पत्र्यागणिक बदलायचा. इंजिनामागे तेलाचे ओघळ हवेत. आणि शेपटीचं सुकाणू कुणी चमकवलं, तर इमानवालो त्याच्याशी बोलणं टाकतो. डाकोटाचं सुकाणू कापडाचं, त्यावर नुसता रुपेरी रंग!

डाकोटाच का? हवाई दलानं २०१८ साली समारंभानं दाखल करून घेतलेल्या जुन्या डाकोटाचं नाव 'परशुराम', आणि क्रमांक १९४७ साली श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाचा. कोकणातल्या माणसाला यातलं पहिलंच कारण पुरतं. चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला, तो इमानवालो पाहून आला आणि हिरमुसला. "सगळी इमानां रंगयलेली!"

"इमानाक डाग घालीत बसलंस, पडवीच्या पत्र्याचो गंज कोण काढतलो?" आईचा सवाल.

"आये, ॲल्युमिनियमाक गंज येना नाय, ऑक्साइड येता."

"पडवीचो पत्रो लोखंडाचो हा!"

सिम्युलेटरमध्ये हवामान खरंखुरं लावता येतं, हा एक शापच. जुलैत चिपीच्या धावपट्टीवर मळभ, पत्र्यावर ऊनच पडत नाही. मग इमानवालो डाकोटा जैसलमेरला नेऊन उभं करतो आणि संध्याकाळच्या उन्हात त्याच्याभोवती माउसनं प्रदक्षिणा घालत राहतो.

"उडयतलंस कधी?" शेजारच्या काकांनी एकदा विचारलंच.

"उडवन काय करू, काका? भितर बसल्यार पत्रो दिसना नाय."