मारखोरांच्या आश्रयदात्यास अनावृत पत्र

श्रीमंत शिकारीसाहेबांस,

सा. न. वि. वि.

पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये २०२४ साली एका मारखोराच्या शिकारीचा परवाना लिलावात २,७१,००० डॉलरना गेला. आमच्या रुपयांत सव्वादोन कोटींच्या वर. एका रानबोकडासाठी! एवढ्यात पुण्यात फ्लॅट येतो, पार्किंगसह. पण त्याची मुंडी दिवाणखान्यात टांगता येत नाही, ही आपली अडचण आम्ही समजू शकतो.

आपण याला शिकार नव्हे, संवर्धन म्हणता. आपलं प्राणिप्रेम फोटोंत दिसतंच. मेलेल्या बोकडाच्या तोंडावरचं रक्त पुसायचं, लोंबणारी जीभ आत सारायची, दगडाचा टेकू देऊन मान उभी करायची आणि मागे गुडघ्यावर बसून हसायचं. मग टेप काढून पिळापिळातून शिंगाचे इंच मोजायचे. जिवंतपणी त्याची इतकी बडदास्त कोणी ठेवली असेल?

खरं तर शिव्या घालायलाच बसलो होतो, पण हिशेब आडवा येतो. परवान्याच्या रकमेतला ८० टक्के वाटा गावांना मिळतो, म्हणून गावकरीच कळपांच्या राखणीला उभे राहतात. वन्यजीव व्यापारावरच्या साईटीस करारानुसार वर्षाला जेमतेम १२ मारखोरांची शिंगं पाकिस्तानाबाहेर नेता येतात. कळप वाढले, आणि २०१५ साली आययूसीएनच्या लाल यादीत मारखोर धोक्याच्या वर्गातून वर सरकला. हे कबूल करणं फार जिवावर येतं हो.

एक शंका. त्याच डोंगरातल्या मेंढपाळाने हाच बोकड पोरांच्या ताटासाठी टिपला, तर तो चोरटा शिकारी. आपण टिपलात, तर आश्रयदाते. गुन्ह्याचं संवर्धन करून घ्यायचा दर एवढा चढा असेल, तर गरिबाने निसर्गावर प्रेम करावं तरी कसं?

बाकीचं जग आपल्यावर संतापलेलं आहे, पण फुकटात. २०१५ साली झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह शिकारीत मारला गेला, तेव्हा सगळ्या खंडांतून हळहळ व्यक्त झाली. जर्मनीत शिकारीची मुंडकी आणण्यावर निर्बंधांची भाषा सुरू झाली, तेव्हा बोत्स्वानाचे तत्कालीन अध्यक्ष मसीसी म्हणाले, २० हजार हत्ती पाठवतो, सांभाळा. बर्लिनमध्ये कोणी हत्तीखान्याची जागा पाहिल्याचं ऐकिवात नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक बिनखर्चाचा प्राणिमित्र

ता. क. पुढच्या लिलावात परवाना आम्हीच घ्यावा आणि गोळी झाडूच नये, म्हणून आम्ही निषेधवाल्यांनी वर्गणी काढायचं ठरवलं आहे. पहिल्या बैठकीत पावतीपुस्तकाच्या रंगावर एकमत झालं. आकड्यांचा विषय निघाला, तेवढ्यात चहा आला.