कधीपर्यंतराव

कधीपर्यंतराव आत येतात तेव्हा मुलगा अजून दारातच एका पायातला बूट ओढत असतो. दुसरा बूट निघायच्या आत प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडलेला असतो. "मॅडम, कधीपर्यंत बोलेल?"

कागदोपत्री त्यांची नावं वेगवेगळी असतात. कधी ते हिंजवडीत टीम लीड असतात, कधी सहकारी बँकेत अधिकारी, तर कधी रविवार पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान असतं. माणूस तोच. काखेत तारीखवार लावलेली फाईल, हातात मोबाईल आणि मागे बायको. मुलाबद्दल तिला सगळं ठाऊक असतं, पण तिला तोंड उघडायला वाव मिळेपर्यंत निम्मा वेळ संपलेला असतो. याच गृहस्थांनी फ्लॅटचा ताबा तीन वर्षं उशिरा मिळाल्यावर बिल्डरला पेढे दिलेले असतात. स्पीच थेरपिस्टला मात्र ते तीन महिन्यांपलीकडे मुदत देत नाहीत.

पहिल्या दिवशी मी उत्तर देत नाही, उलट प्रश्नच विचारते. नाव घेतलं की वळतो का? हवी ती वस्तू बोट करून दाखवतो का? नुसतं "बूट आण" म्हटलं, हाताने खुणावलं नाही, तरी आणतो का? साधारण वर्षाच्या आगेमागे पहिला शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत 50 तरी शब्द आणि "बाबा गेले", "दूध दे" अशा जोड्या अपेक्षित असतात. पण या सगळ्याच्या आधी कळणं येतं. कळत असेल तर पाया आहे म्हणायचं.

"कळतं ना! सगळं कळतं. फक्त बोलत नाही," कधीपर्यंतराव म्हणतात.

"याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता," आजी अभिमानाने सांगतात. "शंखातलं पाणी पाजलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. आता बघा." आता मी बघतच असते. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपली आपण गाडी पकडतात, हे आजींचं खरं आहे. पण कोणतं मूल पकडणार आणि कोणतं फलाटावर राहणार, हे घरबसल्या कळत नाही.

मी कानाच्या तपासणीची चिठ्ठी देते आणि कधीपर्यंतरावांना घराण्याचा अपमान झाल्यासारखं वाटतं. "ऐकू येतं हो त्याला! कुरकुऱ्यांचं पाकीट फोडलं की तिसऱ्या खोलीतून धावत येतो." येईलच. सर्दी मुरून पडद्याआड पाणी साचलं, तरी बरेच आवाज ऐकू येतात. पण "भात" आणि "हात" यांतला फरक पुसट होतो, आणि पुसट ऐकलेलं मूल पुसटच बोलतं. कानाच्या या 'बेरा' चाचणीला मूल झोपलेलं लागतं, म्हणून त्याला सकाळपासून जागं ठेवून आणा, असं सांगतात. कधीपर्यंतरावांनी मुलाला पहाटे पाचपासून जागवलं, त्याच्याबरोबर घोडा घोडा केलं, आणि तपासणीच्या खोलीत गादीवर टेकताच स्वतः घोरू लागले. मुलगा त्यांच्या पोटावर बसून तारांकडे बघत होता. नवी तारीख घ्यावी लागली. पुढे रिपोर्ट चांगला आला, तेव्हा त्यांनी तो मला निकाल दाखवावा तसा दाखवला.

मग थेरपी सुरू होते आणि खरा अपेक्षाभंग होतो. त्यांच्या मनात आरसा असतो, जिभेचे व्यायाम असतात, निदान फळा तरी. बघतात तर मी चटईवर मांडी घालून साबणाचे फुगे उडवतेय. "एवढंच करायचं तर घरी..." हे वाक्य ते सभ्यपणाने अर्धं ठेवतात. फुग्यांच्या बाटलीचं झाकण मी मुद्दाम घट्ट लावलेलं असतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मुलाला ते उघडत नाही. तो बाटली माझ्याकडे आणतो, माझ्या तोंडाकडे बघतो, काहीतरी आवाज करतो, आणि मगच फुगा येतो. बघणं, मागणं, आपली पाळी येईतो थांबणं, हे सगळं शब्दांच्या आधीचं काम आहे. ते चाललेलं दिसत नाही, म्हणून फी जड वाटते. मेणबत्त्या विझवायला लावल्या असत्या तर त्यांचं समाधान झालं असतं. पण फुंकर मारून वाक्यं येत नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून सगळ्यांनी शिकावी. त्यांनी माझा नोंदणी क्रमांक विचारला. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, 1992 चा तसा कायदाच आहे. तरी पाटी रंगवून बसलेले आणि गॅरंटी देणारे लोक सापडतात. भिंतीवरचं प्रमाणपत्रही त्यांनी वाचलं. वाचा आणि श्रवण शिकवणारी म्हैसूरची संस्था 1965 ची, वांद्र्याची अली यावर जंग 1983 ची, ही माहिती त्यांनी मलाच दिली. "म्हैसूरला शिकलात? मग मराठी 'ळ' जमेल ना?" मी म्हटलं, अजून "म" यायचाय, "ळ" ला सावकाश बोलावू.

घरी त्यांनी "फक्त इंग्लिश" असा हुकूम काढला होता, पुढच्या वर्षी नर्सरीचा प्रवेश म्हणून. "बेटा, वॉटर ड्रिंक कर." साताऱ्याहून आलेल्या आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांची बोलतीच बंद. घरातली सगळ्यात गोष्टीवेल्हाळ बाई गप्प आणि मुलगाही गप्प! दोन भाषांनी कुणाचं बोलणं लांबत नाही, पण ज्या भाषेत माणसाला लाड करता येतात, रागावता येतं, ती घरातून काढून टाकली तर मुलाने ऐकायचं काय? हुकूम मागे घेतला गेला. आजी तीन दिवस बोलायच्या थांबल्या नाहीत म्हणे.

राहिला प्रश्न खुद्द कधीपर्यंतरावांचा. आठवड्यात पाऊण तास मूल माझ्याकडे असतं, बाकीचा आठवडा त्यांच्याकडे. आणि त्या आठवड्यात ते परीक्षा घेत असतात. हे काय? काऊचा रंग कोणता? बोल, बोल ना! मी त्यांना गृहपाठ दिला. प्रश्न बंद. जे चाललंय ते नुसतं बोलायचं. तो गाडी फिरवत असेल तर "गाडी चालली", आणि मग थांबायचं. त्याला पाळी द्यायची. मनात पाच आकडे मोजायचे.

मनात काही ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. ते मोठ्यांदा मोजू लागले. "गाडी चालली. एक, दोन, तीन, चार, पाच." पुन्हा गाडी, पुन्हा पाच. मी हसू दाबून ऐकत होते. त्यांच्या बायकोने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी घरी त्यांना चारवर खोकला आला. मुलाने गाडी थांबवली, बापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पा."

रात्री साडेदहाला मला फोन. "मॅडम, पप्पा म्हणाला!"

शब्दांची यादी त्यांनी मोबाईलमध्ये ठेवली आहे, तारीख आणि वेळेसकट. माऊ, भुर्र, भूभू त्यांनी कित्येक महिने धरलेच नव्हते, "हे काय शब्द आहेत?" म्हणून. मी सांगितलं, एकाच गोष्टीसाठी ठरलेला आवाज प्रत्येक वेळी येत असेल तर तो शब्दच, मोडका असला तरी. तेव्हा त्यांनी मागच्या तारखा घालून ते मोठ्या मनाने भरले. यादी बायकोच्याही मोबाईलवर दिसते. दुसऱ्या दिवशी "पा" समोरचं "पप्पा" पुसून तिथे "पाणी" आलं होतं. संध्याकाळी पुन्हा "पप्पा". रविवारी आत्याला हाताशी धरून आजींनी "पांडुरंग" करवून घेतलं. कधीपर्यंतरावांनी ती ओळ लाल करून निकालासाठी माझ्याकडे पाठवली आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि कधीपर्यंत देणार म्हणून त्यांचा रोज निरोप येतो.