सेमाडोहला डूला कसे व्हावे, कडेवर पोट्टं असताना

पुण्या-मुंबईत डूला व्हायचं तर ऑनलाइन कोर्स करतात, योगाची चटई घेतात आणि पहिली बाळंतीण मिळायच्या आधी व्हिजिटिंग कार्ड छापतात. मेळघाटातल्या सेमाडोहला हा क्रम उलटा. इथे बाळंतीण आधी येते, तीही रात्री. कोर्सचा व्हिडिओ उघडेपर्यंत ती मोकळी होऊन घरी गेलेली असते.

तर आधी कामाचं स्वरूप समजून घ्या. डूला म्हणजे बाळंतिणीपाशी बसणारी बाई. ती सुई टोचत नाही, बाळ काढत नाही, फक्त उठून जात नाही. या न उठण्याचा गुण येतो म्हणतात. 2017 साली जगभरचे प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, 17 देश आणि पंधरा हजारांवर बाया. कोणी सतत सोबत असलं तर सिझर कमी होतात, कळांचा वेळही थोडा कमी होतो, असं निघालं. आमच्याकडच्या बुढ्या सुईणींना हे कोणी कळवलं नाही, कारण त्या तेव्हाही कोणाच्या तरी उशाशी बसलेल्या होत्या.

पात्रतेचं फार मनावर घेऊ नका. शासनाने 2005 पासून हे काम आशाताईला देऊन ठेवलं आहे. गावचीच बाई हवी, थोडीफार शिकलेली हवी. लहान पोरं असू नयेत, असं कुठेही लिहिलेलं नाही. असली तर ती कुठे ठेवायची, हेही नाही. तीन वर्षांवरचं अंगणवाडीत जातं. खालचं तुमच्या कडेवर येतं, त्याला प्रशिक्षणाचं साहित्य समजा.

आता वर्ग घ्या. शहरात प्रसूतिपूर्व वर्ग शनिवारी संध्याकाळी, नवऱ्यासह असतो. इथे नवरा दिवाळीनंतर कामाच्या शोधात खाली गेलेला, बरेचदा बायकोही त्याच्याबरोबर, पोटातल्या सहा महिन्यांसह. रजिस्टरमध्ये तिचं नाव असतं, ती नसते. होळीला मेळघाट पुन्हा भरतो. तेव्हा वर्ग ठेवाल तर बाया होळीचा फगवा मागायला रस्त्यावर. होळी उतरली की मोहाचा हंगाम, म्हणजे पहाटेपासून सगळ्या जंगलात. म्हणून वर्ग हातपंपावर घ्यावा. तिथे हंडा भरेपर्यंत कोणी हलत नाही, आणि अभ्यासक्रम हंड्याएवढाच ठेवावा: बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदव, लोहाची गोळी रोज घे, 180 दिवस.

इथे पहिला प्रश्न ठरलेला. "गोळीनं लेकरू मोठं होते म्हन्तात, मंग अडून बसन ना वो ताई?" यावर आकृती काढू नका. आपलं पोट्टं पुढे करा. "हे पाय, गोळ्या खाऊनच झालं. अडलं का?" पोट्टं त्याच वेळी शेंबूड पुसायला पदर ओढतं, आणि पुरावा पक्का होतो.

भाषा मात्र यायलाच हवी. डॉक्टर मराठीत विचारतो, बाई कोरकूत कण्हते, आणि मध्ये तुम्ही. "कळा किती वेळानं येतात?" याचं उत्तर घड्याळात मागितलं तर मिळत नाही. "दोन कळांच्या मधात पानी पिऊन होते का?" असं कोरकूत विचारा, लगेच मिळतं. शहरातल्या डूलाला श्वासाचे चार प्रकार येतात. तुम्हाला हे एक आलं तरी पुष्कळ.

जुन्या बायांशी भांडू नका, पण सगळ्याला मानही डोलवू नका. बाईला आडवं पाडू नका, तिला हवं तसं बसू द्या, हे सुईण आधीपासून सांगत होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये तेच लिहिलं. पण बाळाचं पोट फुगलं म्हणून तापल्या सळईने डंबा द्यायला निघालेली आजीही त्याच घरात असते. तिथे विनोद बंद. बाळ उचलायचं आणि थेट आरोग्य केंद्र गाठायचं.

आता मुख्य परीक्षा: रेफर. केंद्रातून "पुढे न्या" म्हणाले की पुढे म्हणजे घाट. परतवाडा पन्नासेक किलोमीटर, मग अचलपूर, तिथेही नाही जमलं तर अमरावतीचं डफरीन रुग्णालय. पावसाळ्यात सिपना नदी काय म्हणते तेही पाहावं लागतं. वळणांवर बाळंतिणीची कंबर एका हाताने चोळायची आणि दुसऱ्या हाताने आपल्या पोट्ट्याच्या तोंडासमोर पिशवी धरायची. या आसनाला कुठल्याच कोर्सात नाव नाही.

मोबदला स्पष्ट आहे. आदिवासी किंवा दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दवाखान्यात बाळंत केलं की जननी सुरक्षा योजनेत आशाला तीनशे, आधीच्या तपासण्यांचे तीनशे वेगळे. दोन तासांत मोकळी झाली तरी तीनशे, दोन रात्री गेल्या तरी तीनशेच. सुटी होईपर्यंत थांबणं हे कर्तव्यात येतं, आणि कर्तव्याला दर नसतो. मग घरभेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, सगळ्या मिळून अडीचशे. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून आली, आणि त्या कामाचा निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात एक गोष्ट राहून गेली. वजनाची झोळी टांगली की तुमचं थोरलं पोट्टं "मले झोका दे" म्हणून आडवं होतं.

शेवटची अडचण प्रसूतिकक्षाच्या दाराशी. "नातेवाईक कोण?" केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला परवानगी दिली. अटी अशा: बाई नात्यातली असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, कपडे स्वच्छ, संसर्गाचा आजार नको, कामात लुडबुड करू नये, शेजारच्या खाटेकडे लक्ष देऊ नये. नातं काढायला आपल्याला मिनिट लागत नाही. लुडबुडीची अट जड आहे, पण जमते. कपड्यांची अट घाटातच मोडलेली असते.

तेव्हा वाचकहो, डफरीनच्या व्हरांड्यात कडेवर पोट्टं घेतलेली मेळघाटची आशा दिसली, तर तिला तिचं सर्टिफिकेट विचारू नका. पोट्टं घ्या तासभर, तिला आत जाऊ द्या.