हिमालयात चालत नाही सातबारा

2011च्या जनगणनेत हिमाचल प्रदेशातले सुमारे नव्वद टक्के लोक खेड्यांत राहत होते. देशातले हे सर्वांत ग्रामीण राज्य. म्हणूनच लॅपटॉपवर पोट भरणाऱ्या पुण्या-मुंबईकरांना तिथे कायमचे राहावेसे वाटते. जमेची बाजू भक्कम : देवदार, सफरचंद, थंड हवा. खर्चाच्या बाजूला कलम 118. तिथल्या 1972च्या कूळ कायद्यातले हे कलम बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीवाचून जमीन घेऊ देत नाही. आणि शेतकरी म्हणजे हिमाचलातच जमीन कसणारा. थोडक्यात, मातीशी नाते जोडायचे तर ते आधीच जोडलेले हवे!

हा परक्यांवर अन्याय, अशी तक्रार होते. पण शेती नसलेल्या हिमाचलींनाही हाच नियम आहे, आणि शेतजमीन शेतकऱ्यालाच हे तत्त्व महाराष्ट्रानेही मानले आहे. मग भाड्याने राहावे? जरूर, मात्र 2023च्या पावसाळ्यातल्या दरडींनी मालक-भाडेकरू असा भेद केला नव्हता. शिवाय शांततेच्या शोधात सगळेच तिकडे निघाले, तर शांतताच आधी स्थलांतर करील. तेव्हा हिमाचलावर खरे प्रेम असणाऱ्याने पुण्यातच राहावे. या त्यागाला कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही.