बाळराजांचं फिरतं सिंहासन

बाळ सहा महिन्यांचं झालं, आधाराशिवाय बसू लागलं, उष्टावण उरकलं, की आईबाबांना कोकण खुणावू लागतं. आजी 'मांडीवर घे की!' म्हणेपर्यंत प्रवासी हाय चेअरची ऑर्डर गेलेलीही असते.

पहिला प्रकार टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून लटकवायचा. वजनाला हलका, पण मिजास मोठी. काचेचं टेबल चालत नाही, एका खांबाचं चालत नाही, टेबलक्लॉथही खपत नाही. खानावळीतलं प्लास्टिकचं टेबल तर बाळासकट सोलकढी घेऊन उलटायचं. दुसरा प्रकार, बूस्टर सीट, खुर्चीला पट्ट्यांनी बांधायचा. त्याला पाठीची भक्कम खुर्ची हवी. खानावळीत असतो बाक. तिसरी कापडी झोळी. घडी पर्समध्ये मावते, पण तिलाही खुर्चीची पाठ लागतेच. चौथी स्वतःच्या चार पायांवर उभी राहते. तिच्यासाठी डिकीतून आजोबांची बॅग उतरवावी लागते.

एवढं करून युवराज खुर्चीत पाच मिनिटं टिकतात, वरणभात पट्ट्यांच्या बकलात भरतात आणि आजीकडे हात पसरतात. आजी काही बोलत नाही. नुसती बघते.

तरीही घ्यायचीच असेल, तर कव्हरवरचे हत्ती-जिराफ पाहू नका. दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का, एवढं आधी बघा. तो नसेल तर बाळ खालून घसरतं. आणि कव्हर निघून धुता येत नसेल, तर ती खुर्ची दुकानातच शोभते.