कॉलरीची खळ

(पडदा उघडतो. टेबलावर कोळशाची इस्त्री, शेजारी पातेल्यात खळ. वर ताणलेल्या दोरीवर एकच पांढरी कॉलर. शर्ट नाही, नुसती कॉलर. नट येतो, कॉलर उतरवतो, दोन बोटांनी वाकवतो. ती पापडासारखी कडकडते आणि टेबलावर पांढरा चुरा पडतो.)

हा चुरा बघून ठेवा. असल्याच चुऱ्यासकट एक बॅरिस्टर कोर्टात उभे राहिले होते. गाव डर्बन, मुलूख दक्षिण आफ्रिका, एकोणिसावं शतक संपत आलेलं. बॅरिस्टरांचं नाव मोहनदास करमचंद गांधी. महात्मा व्हायला अजून अवकाश होता. तूर्तास परटाचं बिल भागवायचं होतं.

त्या काळी कॉलर शर्टाला शिवलेली नसे, वरून अडकवत. शर्ट दिवसाआड बदलला तरी चाले, कॉलर मात्र रोज नवी. डर्बनच्या परटाचं नि घड्याळाचं वाकडं, त्यामुळे दोन-तीन डझन शर्ट-कॉलरी असूनही सकाळी गळा उघडाच. शिवाय एक कॉलर धुवायला जवळजवळ नव्या कॉलरीइतकेच पैसे!

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? परीट बदलला असता. फार तर त्याच्याशी भांडलो असतो. गांधींनी पुस्तक विकत घेतलं. कपडे धुण्यावरचं पुस्तक! बॅरिस्टर माणूस, लंडनला जाऊन कायदा वाचलेला, तो आता साबण वाचायला बसला. आणि नुसता वाचून थांबला नाही, बायकोलाही शिकवलं. पुस्तक वाचून बायकोला धुणं शिकवणारा नवरा! (थांबतो.) मागच्या रांगेतल्या ताई, हसू नका. कस्तुरबा त्यावर काय म्हणाल्या, ते नवऱ्यानं आत्मचरित्रात लिहिलेलं नाही. न लिहिण्यातच सगळं आलं.

(खळीत हात घालतो. बोटांवरून ती दाट ओघळते.)

आता खळ. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळ्या मोडायच्या, मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झळक आली की उतरवायची आणि फडक्यातून गाळायची. इथवर पुस्तक उपयोगी पडतं. पण पातळ म्हणजे किती पातळ? ते बोटांनाच कळतं. दाट राहिली तर खळ धाग्यात शिरत नाही, वरच बसते. त्यावर इस्त्री सणसणीत तापलेली हवी आणि हात दाबून फिरायला हवा. गांधींची खळ जास्त झाली, इस्त्री नीट तापली नाही आणि कॉलर जळेल या भीतीनं हात हलका पडला. तीन चुका, एक कॉलर!

कडक मात्र झाली. ती घालून स्वारी कोर्टात.

(नट कॉलर गळ्याला लावतो, ताठ उभा राहतो. युक्तिवादाच्या आवेशात मान डावीकडे वळवतो: चुरा. उजवीकडे: चुरा. खांद्याकडे बघतो, झटकत नाही.)

बाकीचे बॅरिस्टर हसायला लागले. गांधींनी सरळ सांगून टाकलं की कॉलर धुण्याचा हा आपला पहिलाच प्रयोग, म्हणून खळ सांडते आहे. आपल्याला त्याचं काही नाही, आणि तुमची करमणूक होते हा वरचा फायदा. एकानं विचारलं, गावात लाँड्र्या नाहीत का? गांधी म्हणाले, बिल परवडत नाही आणि परटाची कायमची ताबेदारी नको.

पुस्तक वाचून पहिला प्रयत्न फसतो तो सगळ्यांचाच. आपल्याकडे ती फसलेली वस्तू माळ्यावर जाते. बायकोला सांगायचं, दुकानदारानं फसवलं. पहिली बिघडलेली कॉलर गळ्यात घालून चारचौघांत जायचं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात दिलेलं नसतं.

तसं प्रिटोरियात एकदा झालंच होतं. गोऱ्या न्हाव्यानं केस कापायला तुच्छतेनं नकार दिला. गांधींनी केस कापायचं यंत्र घेतलं आणि आरशासमोर उभे राहिले. पुढचे केस बऱ्यापैकी जमले. मागचे? (पाठ फिरवतो, हातानं डोकं चाचपतो.) आरसा पुढे असतो, डोकं मागे! कोर्टात मित्रांनी विचारलं, रात्री उंदीर लागले होते का केसांना? इथे हशा होतो, होऊ द्या. पण त्या न्हाव्याला गांधींनी दोष दिला नाही. आपले न्हावी तरी अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावतात का, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं. (हशा थांबेपर्यंत नट बोलत नाही.)

वाचनाची ही खोड कुठवर गेली? 1900 साली डर्बनला कस्तुरबांना कळा सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेना, सुईण आणायला वेळ लागणार. गांधींनी डॉ. त्रिभुवनदासांचं ‘मा ने शिखामण’ हे गुजराती पुस्तक आधीच नीट अभ्यासलं होतं. बाळंतपण त्यांनी स्वतः केलं. ते बाळ म्हणजे देवदास. या परीक्षेला कॉलरीसारखं चालणार नव्हतं, पहिल्याच फटक्यात पास व्हायला हवं होतं. झाले.

मग 1904. जोहान्सबर्गहून डर्बनला जायची गाडी, चोवीस तासांचा प्रवास. पोलक नावाचे मित्र स्टेशनावर सोडायला आले आणि वाचायला म्हणून रस्किनचं ‘अनटू धिस लास्ट’ हातात ठेवलं. रात्रभर झोप नाही. आपणही गाडीत पुस्तक वाचतो, पण उतरल्यावर रिक्षा शोधतो. यांनी उतरून शेत शोधलं! डर्बनपासून 14 मैलांवर फिनिक्स. आधी 20 एकर, मग लगतचे 80, मिळून 1000 पौंड. एक झरा, थोडी संत्र्याची नि आंब्याची झाडं. तिथे 75 फूट लांब, 50 फूट रुंद शेड महिन्याच्या आत उभी राहिली आणि ‘इंडियन ओपिनियन’ या त्यांच्या वर्तमानपत्राचा छापखाना शेतात आला. ठरलं असं की सगळ्यांनी शेतात राबायचं, जमेल तेव्हा छापायचं आणि महिना 3 पौंड घ्यायचे. संपादक, कंपोझिटर, गोरा, काळा, सगळ्यांना तेच.

छापायला तेलावरचं इंजिन होतं. शेतात, आडगावात इंजिन बंद पडलं तर? म्हणून हातानं फिरवायचं एक चाकही बसवलं होतं. खबरदारी चांगलीच, पण त्या चाकाला एका वेळी चार माणसं लागत.

पहिलाच अंक. रात्र झाली, फर्मे आवळून तयार. इंजिन रुसलं. खास बोलावलेला इंजिनिअर घामाघूम. छापखाना सांभाळणारे वेस्ट डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, अंक वेळेवर निघत नाही. गांधी म्हणाले, ते चाक काय शोभेला आहे? वेस्ट म्हणाले, माणसं कुठायत? माणसं होती. शेड बांधणारे सुतार तिथेच जमिनीवर घोरत पडले होते.

(नट टेबलाखाली वाकतो, कुणाला तरी हलवतो.) “उठा हो उठा, पेपर काढायचाय.” दिवसभर रंधा मारलेला माणूस, मध्यरात्री त्याला उठवून सांगायचं, आता वर्तमानपत्र फिरव! तेही उठले. आळीपाळीनं चाक फिरू लागलं, वेस्टनी भजन धरलं. (नट चाक फिरवू लागतो. दम लागतो तसं बोलणं तुटतं.) सकाळचे… सात… वाजले. तरी ढीगभर काम शिल्लक. मग गांधींनी सुचवलं, इंजिनिअरला उठवून एकदा बघू या. त्यानं हात लावला आणि इंजिन…

(नट हात सोडून सरळ उभा राहतो.)

…सुरू! रात्रभर एवढी माणसं राबवून सकाळी आपण होऊन. सरकारी कचेरीत अशी इंजिनं अजून असतात.

पुढे जोहान्सबर्गच्या घरी 7 पौंडांची हातचक्की आली, कारण ब्रेड घरच्या पिठाचाच हवा. चाक लोखंडी, एकट्याला हलेना. गांधी, पोलक, मुलं, सगळ्यांनी मिळून दळायचं. आणि 1910 साली टॉल्स्टॉय फार्म. हर्मन कालेनबाख या जर्मन वास्तुशिल्पी मित्राची 1100 एकर जमीन, जवळजवळ हजार फळझाडं, सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी. नोकर नाही. जोहान्सबर्ग 21 मैल, आणि खाजगी कामाला जायचं तर पायी. पहाटे दोनला निघायचं, बरोबर घरचा ब्रेड, संत्र्याचा मुरंबा आणि शेंगदाणे भाजून वाटलेलं लोणी. एकानं हे अंतर 4 तास 18 मिनिटांत काटलं होतं. चपला करणं कालेनबाखनी ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन शिकून घेतलं आणि मग इतरांना शिकवलं. गांधींनी तुरुंगात केलेला एक जोड पुढे जनरल स्मट्सना भेट गेला. ज्यानं तुरुंगात टाकलं त्याच्याच पायात!

(नट कॉलर काढून ठेवतो. इस्त्रीत कोळसे घालतो, फुंकर मारतो.)

1912 साली या शेतावर पाहुणे आले, आमच्या पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. प्रकृती तोळामासा. गांधींनी त्यांना स्टेशनापासून चालवत आणलं. वाटेत पाऊस, गोखल्यांना सर्दी. सगळे जमिनीवर झोपणारे, तेव्हा पाहुण्यांसाठी कुठून तरी खाट मागून आणली. स्वयंपाकघर लांब, पान येईपर्यंत अन्न गार. बाकीचे खाली झोपतात हे कळल्यावर गोखल्यांनी खाट काढायला लावली. आणि पाय चेपायला तर कुणाला हातच लावू दिला नाही.

त्याच दौऱ्यात जोहान्सबर्गला मेजवानी. गोखल्यांकडे एक उपरणं होतं, न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं. जिवापाड जपलेलं, मोठ्या प्रसंगालाच निघायचं. नेमकं चुरगळलेलं. लाँड्रीत पाठवून वेळेत परत यायचं नाही. गांधी म्हणाले, द्या, मी करतो. (नट पाण्यात बोट बुडवून इस्त्रीला लावतो. चर्रर्र.) गोखले म्हणाले, वकील म्हणून तुमच्यावर माझा भरवसा आहे, परीट म्हणून नाही. डाग पाडलात तर? आणि ते उपरणं कुणी दिलं, त्याची सगळी हकीकत सांगितली.

अंगावर खळ सांडवत कोर्टात गेलेला माणूस हमी देऊन बसला. हो-ना करता करता उपरणं मिळालं, इस्त्री झाली, गोखल्यांनी पसंतीची पावती दिली.

(नट इस्त्री उचलून प्रेक्षकांत उतरतो.)

चला, कोळसे चांगले पेटलेत. पहिल्या रांगेत कुणाच्या अंगावर शाल आहे? भरजरी असली तरी चालेल. पुस्तक वाचून आलोय. तुम्ही, आजोबा? नाही? लेकानं दिलेली म्हणता… मग मावशी, ती पैठणी? बसा, बसा, उठू नका. बरं, निदान रुमाल?

(रुमाल कुणीच देत नाही. नट परत येऊन आपलीच कॉलर इस्त्रीखाली धरतो. धूर निघतो. प्रकाश मावळतो.)