नाडी अठ्ठावन्न

माझी नाडी मिनिटाला ५८ पडते, ही बातमी मी डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान अकरा जणांना दिली. त्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. पण ५८ हा आकडाच असा आहे की कुणी विचारेपर्यंत दम निघत नाही. साठीतल्या माणसाची नाडी बसल्या जागी सत्तरच्या आगेमागे असते. पन्नाशीतली नाडी मॅरेथॉनवाल्यांची, सायकलवाल्यांची, खाड्या पोहून जाणाऱ्यांची. मी रोज सकाळी तळजाईवर जातो हे खरं. आणि चहाची गाडी लागली की परततो हेही खरं. तरीही माझ्या हृदयाने माझ्या नकळत एवढी मजल मारली असेल, तर त्याला नाही म्हणणारा मी कोण? खालच्या मजल्यावरच्या, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्या गृहस्थांना तर मी जिन्यात थांबवून हे सांगितलं. त्याची आता लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

आकड्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण नाडी आईने मोजली होती. आई सरकारी इस्पितळात छत्तीस वर्षं सिस्टर होती. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्या शिकाऊ पोरींचा तिच्या वॉर्डात निभाव लागत नसे. "उरलेली पंचेचाळीस सेकंदं पेशंट काय करतो, ते तुला काय ठाऊक?" असं ती विचारायची. ती पूर्ण मिनिट मोजते. एचएमटी जनतावर.

हे घड्याळ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि शेंडेफळ असल्याने त्याचे लाड माझ्याहून जास्त झाले. बायकांची घड्याळं तेव्हा चिंचोक्याएवढी असत, बऱ्याच घड्याळांत सेकंदकाटा नसे, आणि सेकंदकाट्याशिवाय सिस्टरचं चालत नसे. म्हणून तिने सरळ पुरुषांचं घेतलं. चावीचं, १७ ज्वेलचं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात घड्याळं करायला घेतली, त्यानंतरच्या थोड्याच वर्षांतलं. डायल आता सायीच्या रंगाची झाली आहे. काचेवर बाराच्या आकड्याशी एक चरा आहे; घड्याळाची काच कर्कटकाच्या टोकाने कापली जाते का, हे पाहण्यासाठी मी सहावीत तो पाडला होता. काच कापली गेली नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं. ‘देश की धडकन’ म्हणून कंपनी आपल्या घड्याळांची जाहिरात करायची. सरकारने २०१६ मध्ये ही घड्याळकंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हा आईने ती बातमी चष्मा लावून दोनदा वाचली, पेपरची घडी घातली आणि रात्री नेहमीसारखी चावी दिली.

नातवाने परदेशातून तिला नवं घड्याळ पाठवलं आहे. ते मनगटावर बांधलं की आपलं आपण नाडी मोजतं. आईने ते दोन दिवस वापरलं. "आकडा सांगतं रे. पण नाडी भरलेली आहे की दबकी, सरळ चालते की मधेच ठेचकाळते, ते सांगतं का?" असं म्हणून तिने ते डब्यात घालून कपाटात ठेवलं. त्यामुळे रोज दिवेलागणीनंतर मी तिच्यासमोर स्टुलावर बसतो आणि हात पुढे करतो. तिच्या वॉर्डात आता मी एकटाच उरलो आहे.

आता यंत्राकडे येतो. यंत्र हा शब्द माझा. बायको त्याला ‘ती बादली’ म्हणते.

झालं असं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून जास्वंदीची रोपं लुटायची, असं तिने ठरवलं. बायका एकतीस. ती नर्सरीत भाव विचारायला निघाली, तेव्हा मी "विकत? मी असताना?" असं म्हटलं. आमच्या संसारातले बहुतेक खर्च या वाक्यापासून सुरू झाले आहेत.

यंत्र असं: रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, तिच्या झाकणाला तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने पाडलेली एकतीस भोकं, आत फिशटँकचा पंप, त्याला ठिबकवाल्याकडून आणलेले फवाऱ्याचे चार नोझल आणि पंधरा मिनिटं चालू, पंधरा मिनिटं बंद करणारा टायमर. भोकांत काड्या घट्ट बसाव्यात म्हणून स्पंजासारख्या चकत्या लागतात. त्या मी बायकोच्या जुन्या स्लिपरांतून कापल्या. स्लिपर जुन्या नव्हत्या, असं तिचं म्हणणं आहे.

तत्त्व सोपं आहे. फांदी छाटली की तिचं पाणी तुटतं, पण ते पानांना कुणी कळवलेलं नसतं. ती वाफ सोडतच राहतात. म्हणून खालची पानं काढायची, वरची अर्धी कापायची, डोळ्याच्या जरा खाली काप घ्यायचा आणि काडी ओल्या फवाऱ्यात लोंबकळत ठेवायची. नुसत्या साचलेल्या पाण्यात बुडवली तर तिला हवा कमी पडते आणि ती सडते. आधी कापाच्या जागी पांढरट गाठ धरते, मग तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. या तीन-चार आठवड्यांत माणसाने काहीही करायचं नसतं.

हे शेवटचं कलम मला जमत नाही. पहिल्याच दिवशी मी झाकण चौदा वेळा उघडलं. काडी उपसून बघायची, बूड बोटाने चाचपायचं, पुन्हा खोचायची. मुळं फुटायची पावडर मिळते, तिच्यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं. ती लावली होतीच. पण कोरफडीचा गरही चांगला म्हणतात, म्हणून दहाव्या दिवशी चार पाती मिक्सरमधून काढून मी बादलीत ओतली. अकराव्या दिवशी, म्हणजे त्या रविवारी, पंप गुळण्या करून बंद पडला. मी तो जेवणाच्या टेबलावर खोलला.

इथे मला वाटीबद्दल थोडं बोलू द्या.

मराठी घरात एक वाटी अशी असते की जिच्यातून कुणी कधी आमटी प्यायलेलं नसतं. ती स्टीलची असते आणि कुणाच्या तरी मुंजीत आलेली असते. तिच्यावर बटूचं नाव आणि तारीख ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली असते. बटूला आता टक्कल पडलेलं असतं. तिची जागा फ्रिजच्या डोक्यावर. आमच्या वाटीत या घडीला कानातल्याची एक फिरकी, दोन रबरबँड, पाच पैशांचं एक नाणं, टॉर्चचा बल्ब (टॉर्च नाही), शर्टाचं बटण (शर्ट नाही), मागच्या घराच्या मागच्या दाराची किल्ली आणि एक स्क्रू आहे. हा स्क्रू मी मिक्सर दुरुस्त केल्यावर उरला. मिक्सर त्याच्याशिवाय चालतो, पण त्याच्याकडे पाहिलं की गप्प होतो, असं मला उगाच वाटतं. शिवाय एक पांढरी प्लॅस्टिकची वस्तू आहे. ती कशाची आहे हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळेच ती टाकता येत नाही. टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कशाची होती ते कळतं. घर बदललं तेव्हा सामान बांधणाऱ्या पोराने झुंबर सुटं करून बांधलं, आणि ही वाटी मात्र आहे तशी, ऐवजासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. त्यालाही घरी वाटी असणार. मी निवृत्त झाल्यावर एकदा तिची वर्गवारी करायला घेतली. धातू, रबर, शिवणकाम, इतर, अशा आठ डब्या केल्या. पंधरा दिवसांत सगळं आपल्या पायांनी वाटीत परत आलं आणि त्यात आठ डब्यांची दोन झाकणं वाढली. घरात काहीही हरवलं की तीन पिढ्या एकच वाक्य बोलत आल्या आहेत: "वाटीत बघितलंस का?"

तर पंप खोलल्यावर त्याचे चार स्क्रू, रबराची रिंग आणि पोटात फिरणारा काळा गुळगुळीत दांडा मी हरवू नये म्हणून वाटीत टाकला. टाकताक्षणी सगळे स्क्रू धावत जाऊन त्या दांड्याला बिलगले. ते मी पाहिलं. कौतुकाने पाहिलं. मग हात ओले होते म्हणून मनगटावरचं आईचं घड्याळही वाटीतच ठेवलं. टायमर खरंच पंधरा मिनिटं पाळतो का, हे तपासायला ते मी मागून आणलं होतं. मागून म्हणजे ती दुपारची पडली असताना उशाशेजारून उचलून.

दोन तास ते वाटीत होतं. चार वाजता बाहेर काढलं तेव्हा जरा पुढे दिसलं. मी काटे मागे घेतले आणि ते गुपचूप जागेवर ठेवलं.

त्या संध्याकाळी आईने नाडी मोजली. "अठ्ठावन्न," ती म्हणाली आणि आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे बघत राहिली. "पुन्हा मोजू का रे?"

"कशाला? बरोबर आहे," मी म्हणालो आणि बातमी द्यायला खाली उतरलो.

घड्याळ पळतंय, हे तिच्या रात्री लक्षात आलं. तिने ते टीव्हीवर बघून नऊला लावलं आणि चावी देऊन झोपली. सकाळी जाग आली तर घड्याळात सव्वाआठ. सिस्टरला सव्वाआठला जाग येणं म्हणजे काय, ते सरकारी नोकरी केलेल्यांनाच कळेल. तिने सगळं घर उठवलं. बाहेर मिट्ट काळोख होता. "आभाळ आलंय," ती म्हणाली. डिसेंबरात. बायकोने अंघोळ उरकून कुकर चढवला. मी दुधाला गेलो, दुकान बंद पाहून मराठी माणूस धंद्यात मागे का, यावर रखवालदाराला चार शब्द ऐकवले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, सहा वाजलेत."

नऊ तासांत सव्वादोन तास पुढे. शहाण्या माणसाने तिथेच ते घड्याळजीकडे नेलं असतं. मी चाकूच्या टोकाने मागचं झाकण उचकटलं. घड्याळ पळतं म्हणजे कुठेतरी कोरडं पडलं असणार, असं निदान केलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. एकच. पुढच्या तासात ते आणखी जोरात पळालं.

घड्याळजींचं दुकान पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याखाली आहे. आत ते मावतात, गिऱ्हाईक मावत नाही. डोळ्याला भिंग लावून त्यांनी आत पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"साहेब, भजी तळायची होती का?"

मग खणातून त्यांनी शाळेत असतं तसलं छोटं होकायंत्र काढून घड्याळाशेजारी ठेवलं. सुई पिसाळल्यासारखी हलली. "ठेवलं कुठे होतं? स्पीकरवर?"

"वाटीत."

"कसल्या वाटीत?"

सांगावं लागलं. त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. "बघा. श्वास सोडू नका त्याच्यावर." एक पिवळं चाक झुलत होतं आणि त्याच्या पोटाशी केसाहून बारीक स्प्रिंग, जिलबीसारखी वेढ्यावेढ्यांची. हे चाक सेकंदाला पाच ठोके देतं, तासाला १८,०००. स्प्रिंगचा प्रत्येक वेढा मोकळा असला तरच. माझ्या पंपाच्या दांड्याने, म्हणजे लोहचुंबकाने, ती भारली होती. दोन-तीन वेढे एकमेकांना चिकटले होते, स्प्रिंग तेवढी आखूड झाली होती आणि चाक घाईला आलं होतं. घड्याळजींनी एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवलं, बटण दाबलं आणि घड्याळ सावकाश वर उचललं. दोन सेकंद. होकायंत्राची सुई शांत झाली. वेढे मात्र तसेच चिकटलेले. आता ते माझ्या तेलाने चिकटले होते.

"सगळं खोलून पेट्रोलमध्ये धुवायला लागेल. चार दिवसांनी या. चुंबकाचे पैसे नाहीत. तेलाचे आहेत."

परतताना रिक्षात मी हिशेब केला. घड्याळ तासाला पंधरा मिनिटं पळत होतं, म्हणजे त्याचं एक मिनिट ४८ सेकंदांचं. ४८ सेकंदांत ५८ ठोके, तर साठ सेकंदांत साडेबहात्तर. अकरा जणांना दुरुस्ती कळवावी, असं मनात आलं. कळवली नाही. अँजिओप्लास्टीवाल्या गृहस्थांना तेवढी कळवायला हवी होती; पण ते हल्ली मी दिसलो की लिफ्टने जातात.

चार दिवस घड्याळ घरात नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी सवयीने स्टुलावर बसलो. आईने सवयीने माझं मनगट धरलं, दुसरा हात डोळ्यांसमोर आणला. रिकाम्या मनगटावर पट्ट्याच्या जागेची पांढरी रेघ तेवढी होती. तिने माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला आणि टीव्ही लाव म्हणाली.

लहानपणी मला ताप आला की ती रात्रपाळीहून येऊन तशीच, पांढऱ्या साडीत, खाटेच्या कडेला बसायची. तिच्या हाताला डेटॉलचा वास यायचा. माझं मनगट तीन बोटांत धरायची आणि घड्याळाकडे बघत राहायची. मला तिला सांगायचं असायचं, शाळेतलं, शेजारच्या पोराने गोट्या चोरल्याचं. पण ते मिनिट बोलायची बंदी. मला त्या घड्याळाचा राग यायचा. आई शेवटी घरी आली, हात हातात आहे, आणि बघते कुणाकडे, तर त्याच्याकडे. कर्कटकाचा चरा नुसत्या विज्ञानापायी पडला नव्हता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

जास्वंदीचं थोडक्यात सांगतो. एकतीसपैकी सहा काड्यांना मुळं फुटली. बाकीच्या बुडापासून काळ्या पडल्या. थंडीत जास्वंद तशीही कुरकुरतेच, पण दिवसातून चौदा वेळा कुणी पाय उचलून पाहिले तर कोण उभं राहील? बायकोने एका शब्दाने काही म्हटलं नाही. बोहारआळीत गेली आणि वाण आणलं. एकतीस सांगितल्या, दुकानदाराने एक वर घातली. ती बत्तिसावी फ्रिजवर गेली आहे.

कशाला विचारता? स्टीलच्या वाट्या.

पाचव्या दिवशी घड्याळ आणलं. आईने आधी कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं, मग हातात बांधलं. भोक एक आत घ्यावं लागलं. मी स्टुलावर बसलो. तिची बोटं थंड होती.

"आई, ते काचेवरचं..."

"बोलू नकोस."

मिनिट गेलं. पूर्ण मिनिट.

"बहात्तर."

"वाढली की गं. मागे अठ्ठावन्न होती."

"वाढली कुठे? तुझी आधीपासूनच जरा घाईची," ती म्हणाली, आणि माझा हात न सोडता काचेवर पदराचं टोक फिरवू लागली.